डावा पाय

६ जुलै, रविवार

नाई वो, लाथ नाई मारत मी. पाय लावते. लाथ तं गधा बी मारते, त्याच्यासाठी पायाळू बाई लागत नाई.

असं म्हटलं तवा कामिनी मॅडम हसली अन हसता हसता कंबर धरून छपरीच्या खांबाले टेकली. हसलं तरी दुखते म्हणे. मी म्हटलं, मंग या गावात तुले काही धोका नाई, इथं हसासारखं काहीच होत नाई.

मॅडम म्हणजे आमच्या जिल्हा परिषद शाळेतली, पहिली-दुसरीले शिकवणारी. माह्याच घरात समोरच्या खोलीत भाड्यानं रायते. घर तिचं पवनीले, तिथं नवरा अन सासू. शनिवारी शाळा सुटली की जाते, सोमवारी सकाळी येते. या शनिवारी गेलीच नाई. एस.टी.त बसवत नाई म्हणे. मी त्याच शाळेत खिचडी शिजवते. म्हणून शाळेत तिले 'तुमी मॅडम' म्हणते अन घरी 'तू'. ही डायरी बी तिनंच देली. म्हणे काकू, जसं बोलता तसंच लिहून ठेवत जा. मी सातवी शिकली, गावच्याच शाळेत. अक्षर वाकडं आहे, पण जिभेइतकं नाई.

तिले कोणीतरी सांगतलं की शकुनबाई पायाळू आहे. खरं आहे. आईच्या पोटातून माहे पाय आधी आले, डोकं मांगून. अशा माणसानं पाठीले डावा पाय लावला की चमक जाते, हे आमच्या इकडे सगळ्यायले माहीत आहे. तलाठी येऊन गेला, पोलीस पाटलाची बायको तं दर साली धानाच्या रोवण्यानंतर येते. उंबरठ्यावर पालथं निजवते मी. पण माह्या पायाखाली यायचं तं तीनदा म्हणा लागते, 'पाय लावा जी'. एकदा म्हटलं की एकदा पाय. हा नेम कोण्या देवानं नाई केला. मी केला. मोठ्या माणसायले असं म्हणताना पाह्यलं की मले जेवण गोड लागते.

मॅडमनं म्हटलं. गाल उंबरठ्यावर टेकवून, लेकरू कविता म्हणते तसं. मी पाय टेकवला, उचलला, टेकवला. तिची पाठ गरम होती. माणसाची पाठ इतकी गरम रायते हे मी विसरून गेली होती.

उठली तवा म्हणे बरं वाटते. डोळे पुसत होती. मी म्हटलं, माह्या पायाचा वास आला असंल.

९ जुलै

आज शाळेत तिच्याकडे नीट पाह्यलं. पहिली-दुसरीच्या खोलीत भिंतीले खालून, गुडघ्याइतक्या उंचीवर, चारी बाजूनं हिरवा फळा रंगवला आहे. लेकरायनं स्वतः लिहावं म्हणून. लेकरायले बरं आहे. मॅडम मातर या भिंतीपासून त्या भिंतीपावेतो वाकून वाकून तपासत जाते. मंग सतरंजीवर बसते, एखाद्याचा हात धरून गिरवते, उठते, पुन्हा वाकते. वरचा मोठा फळा आहे तिथं हात वर करून लिहाचं तं उजवा खांदा वर जात नाई. डाव्या हातानं उजवा कोपर उचलून धरते अन लिहते.

खिचडी वाढताना मी सगळ्यायसमोर म्हटलं, मॅडम, आमच्या धानाच्या बांधीवर रोवण्याले चला, वाकाची सवय झालीच आहे तुमाले, मजुरी बी देऊ. चंद्रकांता हसली. चंद्रकांता माह्यासंग खिचडी शिजवते. हेडमास्तर भोजराज सर बी हसले. सरचं पोट वर्गात आधी येते अन सर मांगून. मॅडम बी हसली. हसताना या वेळी कंबर नाई धरली, भिंत धरली.

मंग तांदळाची पोती आली. सर म्हणे, मले डॉक्टरनं वजन उचलाची मनाई केली. पोतं मी अन मॅडमनं ओढलं.

संध्याकाळी पाय लावला.

२७ जुलै, रविवार

या रविवारी बी पवनीले गेली नाई. सकाळी वेणी घालता येईना. हात मानेच्या मांगं जातच नाई. मीच घातली. टोरीचं तेल लावलं, मोहाच्या बियाचं, वास येते पण हाड भिजते त्यानं. म्हटलं, नवऱ्याले फोटो पाठव, म्हण एक नवीन सासू भेटली. ती म्हणे, पहिलीच सासू वेणी घालत नाई.

सांगत होती की चौदा वर्षं झाली नोकरीले. आधी नाकाडोंगरीच्या तिकडे जंगलातली शाळा, तिथं रोज स्कूटीनं दगडाच्या रस्त्यानं. मंग मतदार यादीचं काम, घरोघर. मंग सगळी हजेरी मोबाईलमध्ये, मान खाली घालून. तिच्या ट्रेनिंगमध्ये वीस-पंचवीस मॅडम होत्या म्हणे, जेवताना सगळ्या दुखण्याच्याच गोष्टी सांगत. कोणाचा गुडघा, कोणाची मान. एक जण उभ्यानं जेवली, बसली तं उठता येत नाई म्हणून. मी म्हटलं, तुमची पंगत म्हणजे बैलबाजारातला म्हाताऱ्या बैलायचा कोपरा.

बाहेर आभाळ कडाडून राहिलं होतं. मी दरवाजा लावला. ती म्हणे, काकू भेता का. पायाळूवर वीज पडते, हे बी आमच्याकडे सगळ्यायले माहीत आहे. म्हणून सासूनं मले रोवण्याच्या दिवसात घरात बसवलं होतं, अन माहा माणूस, सुखराम, एकटा बांधीवर गेला. वीज त्याच्यावर पडली. सासू म्हणे, तुलेच शोधत होती ते, तू नाई भेटली म्हणून माह्या पोराले घेतलं. गाव बी तेच म्हणे. अन तेच गाव आता पाठ घेऊन येते माह्याकडे.

हे मी हसत सांगतलं. मॅडम हसली नाई. माहा हात धरून बसली. मले मंग उठून चहा ठेवा लागला.

१० ऑगस्ट, रविवार

तिचा नवरा आला होता, भुपेंद्र. पवनीले कपड्याचं दुकान आहे. चांगला दिसते, चांगलं बोलते. म्हणे, काकू, हिचं दुखणं शाळेत असते, सुट्टीत बंद होते. मी म्हटलं, तुमचं बी दुकानातच हसू येत असंल, घरी बंद होत असंल.

मॅडमनं त्याच्यासाठी पोळ्या केल्या, उभ्यानं, ओट्याले पोट टेकवून. जेवून तो गेला. जाताना तिची औषधाची पिशवी पाहून म्हणे, हे सगळं खाऊनच आजारी पडली तू.

तिले आता दोन दिवसाआड पाय लागते. मी रोज संध्याकाळी पाय धुवून बसते.

२३ ऑगस्ट

तान्हा पोळा. लेकरं लाकडी बैल सजवून शाळेत आले. मॅडमले वाकून बैलायले कुंकू लावता येईना, म्हणून सगळे बैल टेबलावर चढवले. मी म्हटलं, पाहा रे, यंदा बैलच मॅडमच्या बरोबरीले आले.

तिथून घरी येता येता तिच्या डाव्या पायातली चप्पल निघून पडली. ती तशीच चालत राहिली. दहा-बारा घरं तशीच आली. मी मांगून चप्पल घेऊन. अंगणात पोचल्यावर दाखवली तं म्हणे, अगोबाई, निघाली का, कळलंच नाई. काट्याचा रस्ता आहे आमचा. मी म्हटलं, पवनीकडे ध्यान लागलं की पाय बी पवनीले जातात वाटते.

फार हसलो आमी.

४ सप्टेंबर

आज साहेब आले शाळा पाहाले. मॅडम कुर्चीवर बसून पहिलीले शिकवत होती. कुर्ची माहीच, घरची, प्लास्टिकची, लाल. मीच डोक्यावर नेऊन देली होती सोमवारी, कारण सतरंजीवर बसली की दोघी-तिघी पोरी तिले ओढून उठवत.

साहेब खिचडी चाखाले चुलीजवळ आले. मले म्हणे, काय बाई, काही अडचण. मी म्हटलं, अडचण काय साहेब, मॅडमले कुर्ची आहे, आमाले चुलीजवळ पाट बी नाई. साहेब हसले. सर हसले. मंग साहेब वर्गात गेले अन म्हणे, लहान लेकरायमध्ये शिक्षिकेनं खाली मिसळून बसावं, कुर्चीवर बसलं की अंतर पडते. सरनं लगेच कुर्ची उचलून आफिसात ठेवली. आता सरची पिशवी रायते त्याच्यावर.

मी तं हसाले बोलली होती. मॅडम घरी येऊन जेवली नाई. मंग म्हणे, काकू, पाय लावता का. म्हणजे राग नसंल.

११ सप्टेंबर

भंडाऱ्याले गेली होती दवाखान्यात, मशीनमधून फोटो काढाले. कंबरेत मणक्याची गादी सरकून नस दबली आहे म्हणे. डॉक्टरनं सांगतलं, महिनाभर पडून राहा, वाकाचं नाई, उचलाचं नाई. अन कोणाले पाठीवर पाय ठेवू देऊ नका.

हे शेवटचं तिनं हळूच सांगतलं.

मी म्हटलं, डॉक्टर आईच्या पोटातून डोक्याकडून आला असंल, त्याले काय समजते. ती म्हणे, रागवू नका काकू, थोडे दिवस नको. मी म्हटलं, मले काय, माह्या पायाले सुट्टी.

सरनं तिले महिन्याची सुट्टी देली नाई. म्हणे दोनच शिक्षक, तुमी गेल्या तं पाच वर्ग मी कसे पाहू, परीक्षा झाली की पाहू. तिनं फार मांगतली नाई. मी ऐकत होती. सर म्हणे, मॅडम, दुखते तं सगळ्यायलेच, माहा बी गुडघा दुखते. मी मनात म्हटलं, गुडघ्यावर पोट ठेवता म्हणून.

रात्रीच्या वरणात मीठ जास्त पडलं. तिनं सगळं खाल्लं.

१९ सप्टेंबर

आठ दिवस झाले, पाय लावला नाई. संध्याकाळी पाय धुते मी तरी. सवय.

२६ सप्टेंबर

बदली झाली तिची. पवनीजवळच्या शाळेत, घरून जाऊन-येऊन होईल. फोनवर आलं. आंगणातून खोलीपावेतो वाकडी वाकडी पळत आली अन मले गळ्याशी धरलं. म्हणे काकू, आता घरचं जेवण, घरची झोप, अन तिथल्या हेडमॅडम चांगल्या आहेत, कुर्ची देतात. दवाखाना बी जवळ. तिथं हजर झाली की लगेच सुट्टी टाकून महिनाभर निजून राहीन.

मी म्हटलं चांगलं झालं.

दसरा झाला की जाईल.

३ ऑक्टोबर

काल सोनं द्याले आली, आपट्याची पानं. पाया पडाले वाकता येईना म्हणून माह्या पायाले हात न लावता हवेतच हात जोडले. म्हटलं, राहू दे, माह्या पायाले तुही गरज नाई.

आज सामान बांधून राहिली. खोलीत आवाज घुमते आता. चंद्रकांतानं विचारलं, खोली पुन्हा भाड्यानं देशील का. मी म्हटलं, कुत्र्याले देईन.

५ ऑक्टोबर, रविवार

टेम्पो सकाळी आला. भुपेंद्र ड्रायव्हरसंग सामान चढवत होता. मॅडम उठली तवाच कंबर धरली होती, पाय जड म्हणे. माह्याकडे आली, उंबरठ्याशी. म्हणे, पवनीपावेतो टेम्पोत बसाचं आहे काकू. डॉक्टरले जाऊ द्या. शेवटचा लावून द्या.

निजली. तीनदा म्हटलं, पाय लावा जी, पाय लावा जी, पाय लावा जी.

पाय लावला. तीनदा. नेहमीसारखा.

मंग तिले उठता आलं नाई. म्हणे, काकू, माहे पाय कुठं आहेत. मले वाटलं मजाक करते, माह्यापासून शिकली. लुगडं ओलं झालं तिचं, ते बी तिले कळलं नाई. भुपेंद्रनं अन ड्रायव्हरनं खाटेवर घातली, सामान अर्धं खाली उतरवलं, अन त्याच टेम्पोत भंडाऱ्याले नेलं. तिथून नागपूर.

तिची बादली, सुपं, गादी माह्या आंगणात पडून आहे.

८ ऑक्टोबर

आपरेशन झालं. जीवाले धोका नाई म्हणे.

शाळेत चंद्रकांता विचारत होती, काहून लंगडून राहिली. मी म्हटलं, टाच दुखते. उंबरठ्यावर ठेचकाळली. ती म्हणे, टाचेनं कोणी ठेचकाळते का. मी म्हटलं, तू खिचडी पाहा, लागून राहिली खाली.

१२ ऑक्टोबर, रविवार

गावभर एकच गोष्ट. कोणी म्हणते शाळेनं बाई मारली. कोणी म्हणते पोत्यानं. जास्त लोक म्हणतात, साहेब आले त्या दिवशी सरनं कुर्ची काढून घेतली, तवापासून बिघडलं. पोलीस पाटलाची बायको आली अन माह्यासमोर म्हणाली, शकुनबाईचा पाय लागला म्हणून जीव तरी राहिला, नाई तं टेम्पोतच गेली असती.

मी चहा देला तिले. साखर जास्त टाकली.

संध्याकाळी भोजराज सर आले घरी. पहिल्यांदा आले. छपरीत उभ्यानंच म्हणे, शकुनबाई, कोणी विचारलं तं सांगाल ना, की मॅडमचं दुखणं आधीपासूनचं होतं. मी म्हटलं, बसा ना सर. मंग म्हटलं, अरे, पण कुर्ची तं तुमच्या आफिसात आहे, बसाले कुठं देऊ तुमाले. घाम आला त्याले. मी म्हटलं, मॅडम खाली बसत, तुमी बी बसा. बसला तो. पोट मांडीवर घेऊन जमिनीवर बसला. उठता येईना. मी हात देला नाई, पाहत राहिली.

दुसऱ्या कोणाले इतलं भेलेलं पाह्यलं की आपलं थोडं कमी होते.

१४ ऑक्टोबर

सरनं लाल कुर्ची वर्गात परत ठेवली. रिकामीच आहे. पोट्टे तिच्यावर बसाले भेतात.

२ नोव्हेंबर, रविवार

फोन केला तिले. भुपेंद्रनं उचलला. उजवा पाय चालते, डावा नीट नाई, पंजा खाली लोंबते म्हणे. लघवीचं समजते आता थोडं थोडं. पवनीजवळच्या शाळेत ठरल्या तारखेले हजर झाली नाई, तं ती जागा दुसऱ्या मॅडमले भेटली. अर्ज केले, काही झालं नाई. हिचं नाव अजून आमच्याच शाळेत आहे.

मंग तिच्या हातात फोन देला. ती म्हणे, काकू, जेवल्या का.

मी फोन कापला. टावर गेला असं सांगतलं मंग.

२३ नोव्हेंबर, रविवार

भुपेंद्रचा फोन. सुट्ट्या संपल्या, आता बिनपगारी चालू आहे. अन पगार तं लागतेच काकू, औषधाचं किती होते. आई म्हातारी, तिच्यानं हिचं होत नाई. तुमी म्हटलं तं हिले तिकडेच आणून सोडतो. शाळा समोरच आहे. तुमचा जीव आहे हिच्यावर.

मी म्हटलं, आणा.

खोली सारवली. नवीन खाट घेतली. संडासात धराले बांबू ठोकून घेतला. चंद्रकांता म्हणे, पोरगी माहेरी येऊन राहिली का तुही. मी म्हटलं, तसंच समज. दिवसभर गाणं म्हणत होती मी, ते बी मले चंद्रकांतानंच सांगतलं.

१ डिसेंबर

आली. भुपेंद्रनं उचलून आत आणली. हलकी झाली आहे. चहा पिऊन तो गेला, दुकान बंद होतं म्हणे. जाताना मले म्हणे, तुमाले देव मानतो मी.

मी तिले आंघोळ घातली. पाठीवर आपरेशनची शिवण आहे, त्याच्यावर पाणी हळू सोडलं. वेणी घातली. डाव्या पायात चप्पल रायत नाई म्हणून दोरीनं बांधली.

सगळं कसं पहिल्यासारखं वाटलं मले. तिले वाटलं का माहीत नाई. भिंतीकडे तोंड करून निजली.

१२ डिसेंबर

आता तिले शाळेत मी नेते, खांद्यावर हात घालून. लाल कुर्चीवर बसते. लेकरं पाट्या घेऊन तिच्याजवळ येतात, भिंतीवरच्या फळ्यावर कोणी जात नाई. सर आता तिले 'बसा मॅडम, बसा' म्हणते. जशी ती उभी राहू शकते.

आज सुट्टीत पोट्टे तिची नक्कल करत होते. एक जण डावा पाय फरफटवत चालला, बाकी टाळ्या वाजवून राहिले. मले हसू आलं. खरंच आलं, तोंडावर पदर धरला. मंग पाह्यलं तं खिडकीतून ती बी पाहत होती. मी त्या पोट्ट्याले डावानं मारलं, खिचडीच्या गरम डावानं. हातावर फोड आला त्याच्या. मॅडमनं त्याले जवळ बोलावून फुंकर घातली.

ती मले काहीच म्हणत नाई. मी कितीही टोमणे मारले तरी परत टोमणा नाई मारत. पहिले मारत होती.

१८ डिसेंबर

भुपेंद्र या महिन्यात आला नाई. तिनं विचारलं नाई. मी तिले विचारलं तं म्हणे, लग्नसराई आहे काकू, दुकानात गर्दी. मी म्हटलं, मी आहे ना. ती म्हणे, हो, तुमी आहात.

ती कोण्या आवाजात म्हणाली ते मले समजलं नाई. दिवसभर तेच कानात.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी ऊन चांगलं होतं म्हणून तिले आंगणात आणून राहिली होती. उंबरठ्याजवळ थांबली अन म्हणे, काकू, निजवा मले इथं.

मी म्हटलं कायले.

म्हणे, पाय लावा.

मी म्हटलं, डॉक्टर नाई म्हणते. ती म्हणे, डॉक्टरनं विचारलं होतं मले नागपूरले, पडल्या होत्या का, मार लागला का, कोणी काही केलं का. मी सांगतलं, सामान उचललं. तुमचं नाव नाई घेतलं काकू. तुमाले उगाच बोल लागला असता.

मी तिले निजवलं. काय करू. तिनं गाल टेकवला उंबरठ्यावर. डावा पाय मांगं तसाच वाकडा पडून राहिला, मी सरळ करून ठेवला. तिनं डोळे मिटले नाई या वेळी. दाराच्या फटीतून बाहेर पाहत होती.

पाय लावा जी, म्हटलं एकदा. मी पाय उचलला, धुतलेला होता. ठेवता येईना. त्या शिवणीच्या वर पाय तसाच धरून उभी राहिली मी, एका पायावर, बगळ्यावानी.

मंग ती म्हणे, या वेळेस हळू, काकू.

इतलंच म्हणाली. रागानं नाई.

मी पाय खाली घेतला. तिले उचलून आंगणात बसवलं, उन्हात. चहा देला. ती प्याली.

आता लिहते. त्या दिवशी दोनदा पाय लावला होता मी. टेम्पो चालू झाला होता. तिसऱ्यांदा तिनं पाय लावा जी म्हटलं, तवा पाय नाई लावला. टाच वर उचलून लाथ मारली. ती जाऊ नये म्हणून मारली.